जेआरडींच्या पेट्रोलचा हिशेब

जेआरडी टाटांवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पोलादाचा कारखाना चालवणारे जेआरडी, कामगारांचा विचार करणारे जेआरडी, एअर इंडियाच्या विमानातला चहा आणि कॉफी रंगावरून ओळखता येत नाही म्हणून लांबलचक टिपण पाठवणारे जेआरडी, भारतरत्न जेआरडी. शाळेच्या पुस्तकात ते भेटतात आणि उद्योगपतींच्या भाषणांत तर फारच भेटतात. पण ज्या एका हिशेबावर त्यांची पहिली विमान कंपनी उभी राहिली, त्याकडे फारसं कोणी वळत नाही. तो हिशेब होता पेट्रोलचा. थोड्या पेट्रोलात जास्त लांब कसं जायचं, आणि तेवढं करून टपालाच्या थैल्यांना जागा कशी उरवायची, हा.

मी विमानशास्त्राचा माणूस नव्हे. उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली, त्यातली बरीच मराठवाड्यातल्या शाखांत कर्जाची प्रकरणं तपासण्यात. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री आणि रविवारी. ट्रकसाठी कर्ज मागणारा माणूस समोर बसला की मी आधी एकच विचारायचो : गाडी लिटरमागे किती किलोमीटर जाते, आणि भरून जाते तेव्हा किती? या एका उत्तरावरून हप्ते येणार की नाही याचा अंदाज बांधता येई. आर. एम. लाला यांनी लिहिलेलं जेआरडींचं चरित्र १९९२ साली आलं. ते वाचताना इतरांचं लक्ष जिथे जातं तिथे माझं गेलं नाही. मी त्या माणसाची पतपत्रिका तपासायला बसलो.

जन्म पॅरिसचा, २९ जुलै १९०४. वडील रतनजी दादाभाई टाटा, जमशेटजींचे नातलग आणि भागीदार. आई सुझान, फ्रेंच. बालपण फ्रान्स आणि मुंबई यांच्यामध्ये हेलपाटे घालण्यात गेलं. उन्हाळ्यात हे कुटुंब उत्तर फ्रान्सच्या हार्डेलो या समुद्रकाठच्या गावी जाई. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस, लुई ब्लेरिओ, याचं घर तिथे शेजारीच होतं. वाळूवर उतरणारी विमानं पाहणाऱ्या त्या पोराला तिथेच या वेडाची बाधा झाली. पंधराव्या वर्षी पहिली सफर मिळाली. पुढे केंब्रिजला जायचा बेत होता, पण वडिलांनी १९२५ मध्ये टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. पदवी राहिली ती राहिलीच, आणि त्याची रुखरुख त्यांना जन्मभर होती असं म्हणतात.

१० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला क्रमांक. पुढच्या वर्षी आगाखानांनी बक्षीस लावलं : भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जेआरडींकडे होते. त्यांनी ते दिले. अस्पी आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला. हाच मुलगा पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. ही गोष्ट खिलाडूपणाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातलं दुसरंच दिसतं. वजन कमी करण्यासाठी वैमानिक सुट्या भागांनाही काट मारत त्या काळात या तरुणाने जादा प्लगांचं वजन वाहून नेलं होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याने राखीव निधी ठेवला होता. पडून राहणारा पैसा व्याज मिळवत नाही. पण एखाद्या दिवशी तोच बँक वाचवतो.

आता धंद्याकडे वळू. नेव्हिल व्हिन्सेंट हा वैमानिक टाटांकडे योजना घेऊन आला : लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत येतंच, तिथून पुढे मुंबई आणि मद्रासला आपण न्यावं. सर दोराबजींना हे पटवणं सोपं नव्हतं. जॉन पीटरसन यांनी मध्ये पडून ते पटवलं. भांडवल दोन लाख रुपये. सरकारकडे अनुदान मागितलं तर ते मिळेना. पत्रव्यवहारात वर्षं गेली. शेवटी टाटांनी अनुदानाची मागणी सोडली आणि १९३२ मध्ये करार झाला तो असा की टपालाच्या वजनाप्रमाणे पैसे मिळतील, बाकी काही नाही.

हा करार ज्याला कळला त्याला पुढचं सगळं कळतं. छोट्या विमानाची उचलण्याची ताकद ठरलेली असते. वैमानिक, पेट्रोल आणि टपाल या तिघांत ती वाटायची. पेट्रोलचे पैसे द्यावे लागतात आणि टपालाचे मिळतात. म्हणजे गरजेपेक्षा जास्त घेतलेला प्रत्येक गॅलन दोनदा नुकसान करतो : एकदा पंपावर आणि एकदा वजनकाट्यावर. आणि कमी घेतला तर कच्छच्या रणात उतरावं लागतं.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या पहाटे अठ्ठावीस वर्षांचे जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ विमान घेऊन निघाले. १२० अश्वशक्तीचं इंजिन, चार सिलिंडर. मागे सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही, जमिनीवरून दिशा सांगणारं कोणी नाही. सोबत डोळ्यांवरचा गॉगल आणि एक स्लाइड रूल, म्हणजे ती सरकती मोजपट्टी. कॅलक्युलेटर येण्यापूर्वी इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलाकडे ती असे. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल.

त्या पट्टीवर काय मांडायचं असतं? दट्ट्यांच्या, म्हणजे पिस्टनच्या इंजिनाचं विमान जास्तीत जास्त लांब न्यायचं तर पहिला प्रश्न वेगाचा. सर्वसाधारण समजूत अशी की हळू गेलं की पेट्रोल वाचतं. रस्त्यावर ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हवेत अर्धंच खरं. फार वेगात गेलं तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पण फार हळू गेलं तर पंखांना विमान तोलून धरण्यासाठी नाक वर करावं लागतं, आणि तोलण्याच्या त्या धडपडीतच वेगळा विरोध निर्माण होतो. या दोन्ही विरोधांची बेरीज जिथे सगळ्यांत कमी, तो वेग लांब पल्ल्याचा. त्याहूनही हळू असा आणखी एक वेग असतो, तिथे तासाला पेट्रोल सर्वांत कमी लागतं. पण तो विमानतळावर घिरट्या घालत थांबण्यासाठी. गावाला जाण्यासाठी नव्हे. तासाचा हिशेब आणि मैलाचा हिशेब यांत गल्लत झाली की पल्ला कमी होतो.

शिवाय हा वेग प्रवासभर एकच राहत नाही. पेट्रोल जळतं तसं विमान हलकं होतं आणि उत्तम वेगही खाली येतो. म्हणजे मुक्काम जवळ येईल तसं हळू व्हायला हवं. आपण माणसं नेमकं उलट करतो. घर जवळ आलं की ॲक्सिलरेटर पिळतो.

वारा समोरून असेल तर? तेव्हा मात्र थोडं जोरात जावं लागतं. हे प्रथमदर्शनी चुकीचं वाटतं, पण बँकेत काम केलेल्याला पटकन समजेल. समोरचा वारा हा रोजच्या रोज चढणाऱ्या व्याजासारखा आहे. जितका वेळ हवेत राहाल तितका तो खात राहतो. तेव्हा मुद्दल लवकर फेडून मोकळं होणं स्वस्त पडतं. उलट वारा पाठीशी असेल तर जरा सैल सोडावं, त्याला काम करू द्यावं.

आकडे घालून पाहू. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे ३७० मैल. समजा विमान ताशी १०० मैल जातं आणि तासाला ६ गॅलन पेट्रोल पितं. वारा नसेल तर २२ गॅलन लागतील. समोरून २० मैलांचा वारा असेल तर जवळजवळ २८. हे साडेपाच-सहा जादा गॅलन वजनाला १८ किलोंच्या आसपास भरतात. त्या दिवशीचं टपाल होतं २५ किलो! म्हणजे नुसत्या वाऱ्याच्या झुळकीने खेपेतला दोन-तृतीयांश माल गिळून टाकायची तयारी ठेवायची. आणि त्या दिवशी वारा समोरूनच होता.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. पेट्रोलच्या एका वजनाला हवेची साधारण पंधरा वजनं लागतात. उड्डाणाच्या वेळी पेट्रोल मुद्दाम जास्त देतात. त्यामुळे ताकद मिळते आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडर थंड ठेवतं. पण वर जावं तशी हवा विरळ होते, पेट्रोल तेवढंच राहतं, आणि मिश्रण आपोआप दाट होत जातं. वैमानिकाने हाताने दांडा ओढून ते पातळ करायचं. जेवढं पातळ तेवढी बचत, पण एका मर्यादेपलीकडे इंजिन धडधडू लागतं. ती मर्यादा कानाने ओळखायची. उंचीचंही असंच गणित आहे. झडप अर्धवट मिटलेली असली की इंजिनाची बरीच शक्ती हवा ओढण्यातच जाते. म्हणून इतकं वर जावं की झडप पूर्ण उघडली तरी हवी तेवढीच शक्ती मिळेल. तिथे इंजिन मोकळा श्वास घेतं आणि विरळ हवेत त्याच पेट्रोलात वेगही जास्त मिळतो. मात्र वर वारा समोरून जोराचा असेल तर हे सगळं पाण्यात.

आणि एक शेवटचं. ब्रेगे नावाच्या फ्रेंच विमानकाराच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र असं सांगतं की पेट्रोल दुप्पट केलं म्हणून पल्ला दुप्पट होत नाही. कारण दहावा गॅलन वाहून न्यायलाही पेट्रोल लागतं. त्या सूत्रात लॉगरिदम आहे. स्लाइड रूलही लॉगरिदमवरच चालते. जेआरडींनी त्या दिवशी त्या पट्टीवर नेमकं काय मांडलं याची नोंद नाही. पण ती त्यांनी शोभेला घेतली नव्हती.

वाटेत एक पक्षी कॅबिनमध्ये घुसला, तो त्रास वेगळा. अहमदाबादला बर्मा शेलचं पेट्रोल बैलगाडीतून आलं, चार-चार गॅलनच्या डब्यांत. जगातलं नवं वाहन आणि जगातलं जुनं वाहन एकमेकांशेजारी उभं, आणि एक दुसऱ्याला पाजतंय! दुपारी जुहूच्या मैदानावर विमान उतरलं. तिथून व्हिन्सेंटने टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी १ लाख ६० हजार मैल कापले, १५५ प्रवासी नेले, पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल वाहिलं आणि ६० हजार रुपये नफा मिळवला. प्रवासी म्हणजे टपालाच्या थैल्यांवर बसून जाणारा धाडसी गृहस्थ. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, मग सगळा संसार पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या एका मैदानात हलवायचा. अनुदान नाही, रेडिओ नाही, आणि तरी नफा. मी अनेक ताळेबंद पाहिले आहेत. इतक्या हलक्या भांडवलावर इतकं वजन उचललेला क्वचितच पाहिला.

पल्ल्याचं हे शास्त्र पुढे किती निर्णायक ठरलं याचं उदाहरण पॅसिफिक महासागरातलं आहे. १९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग १९४४ मध्ये तिथे अमेरिकन लढाऊ तुकड्यांबरोबर उडत होता. हिटलरच्या जर्मनीशी त्याची जवळीक लोक विसरले नव्हते, आणि ती विसरण्यासारखी नव्हतीही. पण मोहिमेवरून परतल्यावर त्याच्या टाकीत इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल उरतं हे मेकॅनिकांच्या लक्षात आलं. त्याची रीत साधी होती : इंजिनाचे फेरे मिनिटाला १६०० पर्यंत उतरवायचे, हवेचा दाब थोडा वाढवायचा आणि मिश्रण पातळ ठेवायचं. फेरे कमी म्हणजे घर्षण कमी. दर फेऱ्यात काम मात्र जास्त. इंजिनं बिघडतील अशी तरुण वैमानिकांना भीती होती. तपासणीत ती खरी ठरली नाही. त्यांचा मारा सुमारे ५७० मैलांवरून ७०० च्या पुढे गेला. नवं विमान नाही, नवी टाकी नाही, फक्त दांडे कुठे ठेवायचे एवढंच बदललं. आमच्या एसटीच्या आगारात डिझेल वाचवणाऱ्या चालकांचा सत्कार होतो. तीच गाडी, तोच रस्ता, आणि तरी दोन चालकांच्या हिशेबात फरक पडतो तो असा. जेआरडींच्या पस मॉथमध्ये हे करता येत नव्हतं, कारण तिच्या प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उडताना बदलता येत नसे; फेरे आणि शक्ती यांची जोडी तोडताच येत नव्हती.

जेआरडी १९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. व्हिन्सेंट १९४२ मध्ये इंग्लंडहून परत येताना हडसन विमानासह बेपत्ता झाला. टाटा एअरलाइन्सची कहाणी त्याच्याशिवाय सुरूच झाली नसती, पण आपल्याकडे त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? असो.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. जेआरडी त्यात होते. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. प्रवाशांना ही स्थलदर्शनाची सोय वाटली असेल. खरं तर तो पेट्रोलचाच हिशेब होता. एका दमात लंडन गाठायचं तर प्रवासी खाली उतरवून पेट्रोल भरावं लागलं असतं. कराची-अहमदाबादचं जे कोडं, तेच मोठ्या आकड्यांत. या जातीच्या विमानांत एक फ्लाइट इंजिनिअर स्वतंत्र बसे आणि प्रवासभर चार इंजिनांचं मिश्रण सांभाळी. मिश्रण इतकं पातळ करायचं की शक्ती साधारण दहा टक्क्यांनी उतरलेली काट्यावर दिसेल, मग झडप किंचित उघडून ती भरून काढायची. पस मॉथमध्ये जे कानाने करत, ते इथे काट्याने. पुढच्या सुपर कॉन्स्टलेशनमध्ये तर धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंवर छोटी टर्बाइन फिरवून ती शक्तीही इंजिनाला परत दिली जाई. दट्ट्यांच्या इंजिनातून पिळून काढण्यासारखं आता फारसं उरलं नव्हतं.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. ज्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली त्यांत डेक्कन एअरवेजही होती, निजाम सरकार आणि टाटांनी मिळून चाळीसच्या दशकात काढलेली. आमचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हाचं औरंगाबाद, निजामाच्याच राज्यात होतं. या निर्णयाला जेआरडींचा विरोध होता. माझी नोकरी सरकारी बँकेतली, १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या जगातली. खेड्यात शाखा गेल्या त्या त्यामुळेच, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून त्यांचा विरोध मला सर्वस्वी पटत नाही. पण ज्याने शून्यातून गॅलन-गॅलन मोजत एक खातं फायद्यात आणलं, त्याच्या हातून ते काढून घेतल्यावर त्याला काय वाटलं असेल हे कळायला पटावंच लागतं असं नाही. एअर इंडियाचं अध्यक्षपद मात्र त्यांनी स्वीकारलं आणि बिनपगारी पंचवीस वर्षं सांभाळलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आली, १९६२ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात केवळ जेट विमानं उरली, आणि दट्ट्यांचा हिशेब मोठ्या विमानांपुरता संपला. फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने त्यांना पदावरून दूर केलं.

१५ ऑक्टोबर १९८२. पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली होती. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आणि हृदयाचा त्रास होताच. तरी ते कराचीला गेले आणि एकटेच अहमदाबादमार्गे मुंबईला विमान घेऊन आले. पस मॉथ मिळण्यासारखी नव्हती, म्हणून लेपर्ड मॉथ घेतली. ही पस मॉथचीच धाकटी बहीण, पण सांगाडा पोलादी नळ्यांऐवजी लाकडाचा. त्यामुळे ती हलकी, आणि जवळपास तेवढ्याच शक्तीच्या इंजिनावर तिचा पल्ला पस मॉथहून बराच जास्त. या खेपेला अहमदाबादला बैलगाडीची वाट पाहावी लागली नाही. जुहूला त्यांच्या स्वागताला गर्दी जमली होती.

पुढे १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं आणि दफन पॅरिसला, पेर लाशेझ स्मशानभूमीत झालं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत आली. तोवर मुंबईहून लंडनला जाणारी विमानं कैरोला किंवा जिनिव्हाला न थांबता सरळ जाऊ लागून कित्येक वर्षं झाली होती.